अन लागला की उलटं

शनिवारी संध्याकाळी पावणेसातला, लातूरला मावशीच्या घरी, सोनोग्राफीचं पाकीट उघडलं. तपासणीचे दोनशे वीस रुपये बापूंनी सकाळीच भरले होते. पाकीट उघडताना आम्ही तिघं हजर होतो: मावशी, मावशीचे मिस्टर म्हणजे आमचे काका, आणि मी. ज्यांच्या पोटाची तपासणी झाली ते माझे वडील, बापू, कोपऱ्यावरच्या मारुतीला गेले होते. तारीख मला पाठ आहे, पण इथं लिहीत नाही. या हकिकतीतली काही माणसं अजून आहेत, त्यांना उगाच त्रास नको. मी तेव्हा अठरा वर्षं चार महिन्यांची होते. पाकिटात कागद एकच होता, इंग्रजीत टाइप केलेला, ओळी बारा.

मी लातूरला का होते ते आधी सांगते. बारावीला इंग्रजीत पस्तीस लागत होते, मला एकतीस पडले. बाकी सगळे विषय सुटले होते. आमचं गाव मुखेड तालुक्यातलं, तिथं इंग्रजी शिकवणारं कोणी नव्हतं. शाळेतले सर धडा वाचायचे आणि खाली मराठीत अर्थ सांगायचे, तेवढंच. मला नांदेडला डी.एड. करायचं होतं, त्याला बारावी पास लागत होती. त्याच उन्हाळ्यात कंधारचे पाहुणे मला बघून गेले होते. मुलगा सव्वीसचा, मोटार रिवायंडिंगचं दुकान, माणसं चांगली. त्यांचा होकार आला, पण बापू म्हणाले, बारावी होऊ द्या. पाहुणे म्हणाले, बरं. म्हणजे माझं लग्न आणि माझं शिक्षण यांच्यामध्ये चार मार्क उभे होते. ऑक्टोबरच्या परीक्षेत ते मिळवायचे म्हणून बापूंनी मला मावशीकडं आणून सोडलं.

मावशीचं घर दाळमिलच्या भिंतीला लागून होतं. काका त्याच मिलमध्ये मुनीम होते. सकाळी आठला मिल सुरू झाली की घरातली भांडी फळीवर बारीक थरथरायची, आणि सहाला ती बंद झाली की एकदम कानात काहीतरी ओतल्यासारखी शांतता व्हायची. अंगणात, चादरींवर, वहीच्या पानांत तुरीच्या टरफलाची पिवळी धूळ असायची. मावशी रोज वही झटकून माझ्या हातात द्यायची. सकाळी भाकर आणि शेंगदाण्याची चटणी, दुपारी घट्ट वरण, रविवारी धपाटे. मावशीला मूल नव्हतं. मी खाल्लं की नाही हे ती माझ्या तोंडाकडं बघून ओळखायची. एक भाकर कमी खाल्ली तरी विचारायची, का गं सुमन, सर बोलले का.

सर बोलायचेच. इंगळे सरांचा क्लास एका सायकल दुकानाच्या माडीवर होता, जिना सतरा पायऱ्यांचा. आम्ही बावीस जण, त्यात मुली पाच. रोज दहा शब्द आणि पाच वाक्प्रचार, दुसऱ्या दिवशी उभं राहून म्हणायचे आणि वाक्यात वापरायचे. सरांनी शंभर वाक्प्रचारांची यादी सायक्लोस्टाइल करून दिली होती, डावीकडं इंग्रजी, उजवीकडं मराठी. सत्तेचाळीस नंबरला ‘हिज डेज आर नंबर्ड’, त्याचे दिवस भरत आले. बासष्टला ‘ब्रेक द न्यूज’, वाईट बातमी हळूच सांगणे. मी ती यादी नंबरांसकट पाठ केली, कारण नंबर माझ्या डोक्यात राहतात आणि शब्द राहत नाहीत. उभं राहायची पाळी आली की माझे गुडघे खरोखर हलायचे, ते दिसू नये म्हणून मी बाकाला पाय टेकवून उभी राहायचे. शब्द वाढवायची सरांची एक रीत होती. ते फळ्यावर शब्द लिहायचे, त्याच्या अलीकडं दोन अक्षरं जोडायचे आणि वर्गाला विचारायचे, अन लागला की? आम्ही एका सुरात म्हणायचो, उलटं. हॅपी आनंदी, अनहॅपी दुःखी. सेफ सुरक्षित, अनसेफ धोक्याचं. पंधरा दिवसांत मला वाटायला लागलं की इंग्रजी ही कुलपाची पेटी असली तरी एक किल्ली माझ्या हाती आली आहे.

बापूंचं पोट वैशाखापासून दुखत होतं. जेवलं की दुखायचं आणि नाही जेवलं तरी दुखायचं. मुखेडच्या गोळ्यांनी फरक पडेना म्हणून काकांनी लातूरला बोलावलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, सोनोग्राफी करून या म्हणाले, आणि स्वतः मंगळवारपर्यंत हैदराबादला लग्नाला गेले. रिपोर्ट शनिवारी हातात पडला. मंगळवारपर्यंत पाकीट बंद ठेवता आलं असतं. पण काका म्हणाले, “घरात इंग्रजी शिकून राहिलेली पोरगी हाय, अन आपण आंधळ्यावानी बसायचं का? वाच सुमन.” त्या आवाजात कौतुक होतं. माझ्या इंग्रजीचं कोणी कौतुक करण्याची ती पहिलीच वेळ.

मी बल्बखाली कागद धरला. लिव्हर काळीज, हे मला येत होतं. त्याच्यापुढं एकच शब्द होता: अनरिमार्केबल. खालच्या ओळीला गॉल ब्लॅडर, पुढं तोच शब्द. पॅनक्रियास, तोच. स्प्लीन, तोच. दोन्ही किडन्या, तोच शब्द दोनदा. मी मोजलं, सहा वेळा. माझ्या खिशात मावणाऱ्या डिक्शनरीत तो नव्हता, पण रिमार्केबल होता: उल्लेखनीय. अन लागला की उलटं. मी म्हणाले, “उल्लेख करण्यासारखं नाही, असं लिहिलंय.” काकांनी विचारलं, “म्हंजी?” मी साध्या बोलीत सांगितलं, “सांगण्यासारखं न्हाई.”

“काळीज सांगण्यासारखं न्हाई?”

“हाव. किडन्या पण.”

मावशीनं तोंडाला पदर लावला. आमच्याकडं गावात कोणी आजारी माणसाला बघून आलं आणि कसं आहे म्हणून विचारलं, तर ज्याची आशा संपली त्याच्याबद्दलच म्हणतात, सांगण्यासारखं न्हाई. मी ते शब्द तोंडातून काढले आणि ते मलाच ऐकू आले. काकांनी कागद माझ्या हातून घेतला, उलटसुलट केला. खाली शेवटच्या ओळीत हातानं लिहिलेलं होतं: इम्प्रेशन, आणि पुढं तीन मोठी अक्षरं, एन ए डी. काका रोज मिलच्या पोत्यांवर गावांची खूण टाकायचे, कुठला माल कुठं जायचा त्याची. त्यांनी ती तीन अक्षरं बघितली आणि हळूच म्हणाले, “नांदेड. लातूरच्या हातातलं न्हाई, नांदेडला न्या म्हणतो हा.” इम्प्रेशनचा अर्थ मला ठसा म्हणून माहीत होता. मीही म्हणाले, ठसा मारलाय नांदेडचा. तेवढ्यात फाटक वाजलं आणि बापू आले. त्यांनी तिघांकडं बघितलं, चपला काढल्या आणि विचारलं, जेवायला काय केलंय.

रविवारी मावशीनं धपाटे केले, ताज्या लोण्याबरोबर. बापूंना ते फार आवडायचे, पण पोट दुखतं म्हणून चार महिने कोणी देत नव्हतं. त्या दिवशी तिनं चार वाढले आणि पाचवा घ्या म्हणाली. काकांनी त्यांना स्वतःची गादी दिली, आपण चटईवर बसले. मी बापूंच्या जवळपास फिरकत नव्हते. त्यांच्या दंडाकडं मी चोरून बघायचे आणि तो मागच्या महिन्यापेक्षा बारीक झालाय असं ठरवायचे. डोक्यात सत्तेचाळीस नंबर चालू होता, हिज डेज आर नंबर्ड, आणि मला आकड्यांची खोड असल्यामुळं मी ते दिवस खरोखरच मोजत होते: दिवाळीला किती, ऑक्टोबरच्या परीक्षेला किती. मला आता वाटतं, आजारी माणसाला त्याचा आजार कागदावरून कळत नाही, घरातल्यांच्या वाढण्यावरून कळतो. पाचव्या धपाट्यावर बापू थांबले. त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि मला अंगणात बोलावलं.

मिल रविवारची बंद होती. बापू पिवळ्या धुळीत उकिडवे बसले आणि मी उभी. ते म्हणाले, “कागद तूच वाचलास ना? काय लिहिलंय?” बासष्ट नंबरचा वाक्प्रचार मी पाठ केला होता, वाईट बातमी हळूच सांगणे, पण ते कसं करायचं हे यादीत नव्हतं. मी म्हणाले, “काही न्हाई बापू. सांगण्यासारखं काही न्हाई त्यात.” मी खोटं बोलत होते. त्यात काही विशेष नाही, सगळं बरं आहे, असा अर्थ त्यांनी घ्यावा म्हणून मी ते म्हणाले. बापू माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग मान हलवून म्हणाले, “बरं.” त्यांनी नेमका दुसरा अर्थ घेतला होता. उठताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आमच्यात तशी पद्धत नव्हती, त्यामुळं मी जास्तच घाबरले.

संध्याकाळी बापू काकांबरोबर एसटीडीवर फोन करायला गेले. परत आले तेव्हा ठरलं होतं. कंधारच्या पाहुण्यांना होकार गेला, मंगळवारी ते जीप करून येणार, दुपारी एकला लातूरलाच सुपारी फोडायची. बापू म्हणाले, नांदेडला गेल्यावर कोण कधी परत येईल सांगता येत नाही, माझ्या डोळ्यांदेखत पोरीचं होऊ दे. माझ्या आईला गावी काहीच कळवलं नाही. मला कोणी विचारलंही नाही, आणि विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. मरणाऱ्या बापाला नाही कशी म्हणणार? भीती आता दोन झाल्या होत्या. बापूंसाठी मी उघडपणे रडत होते, आणि त्याच रडण्यात थोडं स्वतःसाठीही रडून घेत होते, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्याची लाज वाटत होती.

सोमवारी मी क्लासला गेले. सतरा पायऱ्या चढताना ठरवलं की सरांना विचारायचं. तास संपल्यावर टेबलाजवळ थांबले आणि विचारलं, सर, अनरिमार्केबल म्हणजे काय? सरांनी विचारलं, कुठं वाचलास? मी म्हणाले, पुस्तकात. खरं सांगायची हिंमत झाली नाही. घरातलं दुखणं बाहेर सांगायचं नसतं. सर खूश झाले. पंधरा दिवसांत स्वतःहून शब्द विचारणारी मी पहिलीच. त्यांनी खडू घेतला, रिमार्केबल लिहिलं, उल्लेखनीय, अलीकडं दोन अक्षरं जोडली आणि माझ्याकडं बघितलं, अन लागला की? मी म्हणाले, उलटं. सर म्हणाले, मग? उल्लेख करण्यासारखं नाही. बरोबर. शाब्बास.

सरांना मी पुढं कधीही दोष दिला नाही. त्यांनी सांगितलेला अर्थ बरोबर होता. माझाही बरोबर होता. चूक इंग्रजीत झालीच नव्हती, ती मराठीत झाली होती, आणि ती मराठी आम्हा सगळ्यांना जन्मापासून येत होती म्हणून कोणालाच शंका आली नाही.

मंगळवारी नऊला जीप आली. मुलाचे वडील गणपतराव, मुलाची आत्या आणि ड्रायव्हर रशीद. मुलगा दुकान सोडून आला नव्हता, सुपारीला त्याची गरज नसते. आत्यानं हिरवी साडी आणि नारळ देवापुढं ठेवला. मावशीनं पहाटेच येसराचं, म्हणजे डाळी-मसाल्याचं, पीठ भाजून आमटी केली होती, घरभर तो वास. अकराला डॉक्टरांची वेळ होती. बापू म्हणाले, नांदेडची चिठ्ठी तेवढी घेऊन येतो. काका निघालेच होते, डॉक्टर इंग्रजीत काही बोलले तर समजावं म्हणून मलाही बरोबर घेतलं. मी जरीच्या साडीत होते, हातात हिरव्या बांगड्या. दवाखान्यातले लोक माझ्याकडं बघत होते.

डॉक्टरांनी कागद काढला, वरून खाली एकदा डोळे फिरवले आणि बाजूला ठेवला. बापूंना विचारलं, तंबाखू किती? उपाशीपोटी खाता का? काकांना राहवेना, ते मध्येच बोलले, “डॉक्टर, रिपोर्टचं कळलंय आम्हाला. सांगण्यासारखं न्हाई.”

“नाहीच,” डॉक्टर म्हणाले. “काय सांगू?”

काकांनी मान खाली घातली. बापू ताठ बसले होते. त्यांनी विचारलं, “मग नांदेडला कधी न्यायचं?”

“नांदेडला कशाला?”

बापूंनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. त्यांना इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं, पण जागा माहीत होती. डॉक्टरांनी ती तीन अक्षरं बघितली, मग आमच्या तिघांकडं बघितलं, माझ्या बांगड्यांकडं बघितलं. ते हसले नाहीत, हे मी त्यांचे उपकार समजते. म्हणाले, “नांदेड नाही हो ते. नो अ‍ॅबनॉर्मॅलिटी डिटेक्टेड. कुठंही बिघाड दिसला नाही. काळीज, किडन्या, सगळं जसं असायला पाहिजे तसं आहे, म्हणून वेगळं सांगण्यासारखं काही नाही. पित्त आहे तुम्हाला. तंबाखू आणि ठेचा बंद करा.” आणि त्यांनी तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या.

रिक्षात आम्ही तिघं दाटीनं बसलो. मला आनंद व्हायला पाहिजे होता, आणि झालाही असेल, पण मला आठवते ती भीतीच. कारण आता सगळ्यांना कळणार होतं की कागद कोणी वाचला, आणि घरी पाहुणे बसलेले होते. शब्द गेलेला होता. बापू शब्द फिरवणाऱ्यातले नव्हते. माझ्याबद्दल ते काय म्हणतील आणि कंधारवाले काय म्हणतील, या दोन्हींतलं कोणतं जास्त वाईट हे मी ठरवत होते. काका एकदाच बोलले. “एवढं शिकून राहिली पोरगी, अन बापाला जिता असून मारलं.” बापूंनी त्यांच्याकडं बघितलं.

घरी पोचल्यावर बापू आत गेले नाहीत. पाहुणे ओसरीत होते, त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “गणपतराव, मला वाटलं मी चाललो. म्हणून घाई केली. डॉक्टर म्हणतो, मी चाललो न्हाई. तर आता घाई न्हाई. पोरीची परीक्षा होऊ द्या, तिला पुढं शिकायचं हाय.”

गणपतराव मग म्हणाले, “मंजी तुम्ही जगलात म्हणून आमचं सोयरपण मेलं.”

“हाव. तसंच म्हणा.”

“आम्ही ऑक्टोबरपर्यंत थांबणार न्हाई.”

“थांबू नका. तुमची काही चूक न्हाई. सगळी माझी हाय.”

आत्या पुढं झाल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “पण असं वाचलं तरी कोणी?” मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. इथं पाय टेकवायला बाक नव्हता. बापू म्हणाले, “मी वाचलं.” बापू चौथी शिकलेले, सही मराठीत करायचे, इंग्रजीतला ए सुद्धा त्यांना ओळखता येत नव्हता. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं, कारण पाहुणे मुलगी बघायला आले तेव्हा बापूंनीच ते सांगितलं होतं.

मला वाटलं पाहुणे आता पाणीही न घेता उठतील. गणपतराव उठलेच होते. आत्या म्हणाल्या, “बस दादा. शिजलेल्या अन्नावर कशाला राग? ह्या बाईनं पहाटे उठून केलंय.” मावशीनं पानं मांडली. सगळे जेवले, रशीदही जेवला, आणि त्या जेवणात वाढू का आणि पुरे याशिवाय एक शब्द झाला नाही. आमटी चांगली झाली होती. आत्यांनी जाताना साडी आणि नारळ परत घेतला, पण नारळ जीपजवळ गेल्यावर पुन्हा मावशीच्या ओटीत घातला. त्या मुलाचं लग्न त्याच हिवाळ्यात दुसरीकडं झालं आणि चांगलं झालं, असं मी ऐकून आहे. मला ऑक्टोबरला इंग्रजीत चोपन्न पडले. मी नांदेडला डी.एड. केलं, तिथंच नोकरी केली, आता बावन्न वर्षांची आहे. कुठलाही इंग्रजी कागद मला कोणी वाचायला दिला तर अजून आधी तळहाताला घाम येतो.

त्या दिवशी जीपचं भाडं द्यायचं राहिलं होतं. कंधार ते लातूर जाऊन येऊन सहाशे, आणि ड्रायव्हरचा जेवणाचा भत्ता तीस. बापूंनी पैसे काढले तर गणपतरावांनी हात मागं घेतला, म्हणाले, तुमच्या पैशाला मी हात लावणार नाही. बापू मग वळसा घालून रशीदच्या खिडकीपाशी गेले आणि सहाशे तीस त्याच्या हातात दिले. ऑपरेशन लागलं तर असू द्यावेत म्हणून त्यांनी गावाहून आणलेल्या पैशांतले ते होते. रशीदनं गणपतरावांकडं बघितलं. ते समोर रस्त्याकडं बघत होते. त्यानं नोटा मोजल्या, त्यातून तीस रुपये काढून बापूंना परत दिले आणि म्हणाला, “जेवण तर इथंच झालं, चाचा.” म्हणजे शेवटी सहाशे रुपये, रशीदला.